एकाच कडेवर दोनदा

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, पूर्वीचा घड्याळदुरुस्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शेजारच्या पेन्शनरांना तो पटणार नाही, पण कायद्याला पटतो.

१. राहते घर, बँकेतील ठेव आणि भांडीकुंडी माझी मुलगी मनी हिला. मागचे दार पावसात फुगते. लाथ मारू नये, खालून उचलावे.

२. घड्याळांची हत्यारे, भिंगासह, ज्या दुकानात मी चाळीस वर्षे मान मोडून बसलो त्याच्या आताच्या मालकाला. निवृत्तीच्या दिवशी त्याने मला साधा चहा विचारला नाही. पण त्यात हत्यारांचा काय दोष?

३. मागच्या खोलीतील दोनशे बारा रिळे. ही सगळी परक्यांची घरगुती चित्रे आहेत, भंगारवाल्यांकडून आणि रिकाम्या होणाऱ्या घरांतून जमवलेली. कोणाचे पहिले पाऊल, कोणाची नवी सायकल, कॅमेऱ्याला पाठ फिरवणारी एक म्हातारी. माझी पत्नी म्हणायची, "लोकांची पोरं बघून पोट भरतं का तुमचं?" भरत नव्हते. इतरांची पोरे तरी धड उतरली आहेत ना, एवढेच मी बघत होतो. ही रिळे ग्रंथालयाच्या बाईंना द्यावीत. ज्या डब्याला आंबूस वास येईल तो लगेच वेगळा काढावा, नाहीतर एका नासक्या आंब्याने अढी जावी तशी बाकीची जातील. कोणी "ही माझी आई" म्हणत आले, तर पुरावा न मागता रीळ देऊन टाकावे.

४. हे कलम वकिलांनी गाळायला सांगितले. "काका, कबुलीजबाब मृत्युपत्रात लिहीत नाहीत." मी म्हटले, मग माझी सहीही मिळणार नाही.

मनी, तुझ्या जन्माआधी सात महिने तुझा भाऊ भुंगा तापाने गेला. सहा वर्षांचा होता. त्याचे एकच रीळ होते, नळाखाली नाचतानाचे. त्या काळी रीळ कॅमेऱ्यात दोनदा घालावे लागे: एकदा एका कडेने, मग उलटून दुसऱ्या कडेने. भुंगा पहिल्या कडेवर होता, दुसरी कोरी होती, म्हणून रीळ अजून धुवायला दिले नव्हते. तुझ्या पहिल्या वाढदिवसाला मी तेच रीळ घातले, पण उलटायचे विसरलो. त्याच कडेवर पुन्हा चित्र घेतले.

रीळ धुऊन आले, तर पडद्यावर नुसता गिचमिड काला. तुझी आई उठून उभी राहिली. "माझा भुंगा कुठाय?" मी म्हणालो, "तुझ्या भावाने धुताना वाट लावली."

फिल्म धुण्याचे दुकान तुझ्या मामाचे होते. चूक माझी, हे त्याने बघताक्षणी ओळखले होते. मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊजी, आत्ता काही बोलू नका. तुमच्यावर चिडली तर ताई जाईल कुठे? चिडू दे माझ्यावर." आत्ता, एवढेच तो म्हणाला होता. मी ते जन्मभरासाठी धरून बसलो.

चौतीस वर्षे ती भावाच्या दारात गेली नाही. शेवटच्या आजारात तो भेटायला आला, तेव्हा "त्याला आत घेऊ नका" म्हणाली. तेव्हाही माझे तोंड उघडले नाही, आणि ती तशीच गेली. मला याची लाज वाटते. तूही त्याला कधी मामा म्हणून हाक मारली नाहीस, तेही माझ्यामुळे. हे कलम त्याच्यासमोर मोठ्याने वाचावे आणि मगच वाटणीला हात लावावा.

५. ते रीळ मी फेकलेले नाही. ते मामाला द्यावे. प्रोजेक्टर मनीला. म्हणजे बघायचे तर दोघांना एका खोलीत बसावे लागेल.

सुरुवातीला काही कळणार नाही. घाई करू नका. मग मनी, तू टेबल धरून उभी राहतेस, आणि तुझ्या फ्रॉकमधून भुंगा नाचत पुढे येतो. तुम्हा बहीणभावंडांचे एकत्र असे दुसरे काहीच नाही. मला ते दिसायला पाच वर्षे लागली. तुझ्या आईला बोलावून दाखवायचे तर आधी खरे सांगावे लागले असते. म्हणून दाखवले नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि त्यातले काहीही बदलायचे नाही.

सही: (मृत्युपत्र करणार)

साक्षीदार, ज्यांनी फक्त माझी सही पाहिली, मजकूर नाही:
१. वरच्या मजल्यावरील दंतवैद्य (सही)
२. कोपऱ्यावरील चष्मेवाले (सही)

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: ९ मार्च २०१४