अम्मी, अजान आणि मदरबोर्ड

महाड,
१७ फेब्रुवारी २००२

आदरणीय आसिया आपास,

धाकट्या साकिबचा सलाम. तू, दुलाभाई आणि सुम्बुल तिकडे मस्कतला मजेत असाल. इकडे अम्मीचे गुडघे, माझ्या रिझवानाचं शिवणकाम आणि एमआयडीसीतली माझी शिफ्ट, सगळं ठाकठीक. मदरबोर्ड तेवढा आजारी होता, त्याचीच हकीकत लिहायला बसलोय.

सुम्बुलच्या पहिल्या पावलांचं शूटिंग भरून तू हार्डडिस्क पाठवलीस, फार चांगलं केलंस. (सीडी पाठवली असतीस तर आणखी चांगलं झालं असतं, पण मोठ्या बहिणीला कोण शिकवणार?) अम्मीने नातीला अजून फोटोतच पाहिलेलं, त्यामुळे ती सकाळपासून कॉम्प्युटरसमोर खुर्ची मांडून तयार. पण डिस्क इतकी ऐसपैस निघाली की आमचा म्हातारा मदरबोर्ड तिला ओळखच देईना. म्हणून त्याचा बायोस, म्हणजे मशीनला जागं करणारा प्रोग्राम, नवा भरायला घेतला. मी कोर्स केलेला माणूस. पडद्यावर ठळक लिहिलं होतं, काम पुरं होईपर्यंत मशीन बंद करू नका. ते मी नीट वाचलं आणि ऐटीत चहा सांगायला आत गेलो. तेवढ्यात दुपार कलली आणि असरची अजान झाली. अजान ऐकू आली की आपल्या घरात रेडिओ, टीव्ही, मिक्सर सगळे गप्प होतात, हे तुला मी काय सांगणार? अम्मीने डोक्यावर पदर घेतला, कॉम्प्युटरचा पंखा घुरघुरताना ऐकला आणि अदबीने भिंतीवरचं बटण बंद केलं.

संपलं. त्यानंतर पंखा फिरायचा, पडदा काळाठिक्कर. मी रॅम काढून खोडरबराने घासली, बोर्डावरचा सेल काढून परत बसवला, फुंकर मारली, शेवटी बोर्डाची समजूतसुद्धा घातली. मग तो पिशवीत घालून एसटीने पोलादपूरला नेला. तिथे माझ्या कोर्समधला भरत राहतो, त्याच्याकडे अगदी असलाच बोर्ड. त्याने स्वतःचा कॉम्प्युटर चालू ठेवून त्यातली बायोसची चिप दोऱ्याने उपटली, तिच्या जागी आमची मेलेली बसवली आणि तिच्यात प्रोग्राम भरला. त्याची आई येसूबाई दारातून ओरडली, "अरे, जित्या मशीनचा काळीज काय काढता रे?" मी डोळे मिटून घेतले होते. पण आमची चिप उठली, त्याचीही वाचली.

आता सुम्बुल पडद्यावर झकास चालते. पण अम्मी जवळ येत नाही, आपा. स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणते, "तू बघ बाबा, मला हितून दिसतंय." दिव्याचं बटणसुद्धा स्वतः दाबत नाही, रिझवानाला हाक मारते. त्या दिवशी मी तिच्यावर एकदा ओरडलो होतो. एकदाच. आता तिला तसं दारात उभं राहिलेलं मला बघवत नाही.

तुझा,
साकिब

ता. क. : शुक्रवारी फोन करशील तेव्हा अम्मीला एवढंच सांग की हार्डडिस्कच खराब होती, बटणाचा काही संबंध नव्हता. दोष तू घे. एवढ्या लांब बसून तुला काय फरक पडतो?

आणखी एक ता. क. : आपा, मी रिझवाना. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं. अम्मी सांगतात तसंच लिहिते.

"आसिया, हा शिफ्टला गेला का मीच मशीन चालू करते. मला जमतंय. तो घरात असला का लांब रवते, कारण मी बटणाजवळ गेले का पोराचं तोंड सुकतं. वरडला त्याचं त्यालाच लागलंय, धड जेवत नाय. त्याला फोनवर सांग, डिस्क तूच खराब धाडलीस. आनी सुम्बुल पयला उजवा पाय टाकते गो. चारदा बघितलं मी."