गुनवोरच्या विहिरीचा आकडा

३ जून
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी जाम खूश! काचेच्या कारखान्याचं गाव, खिडकीतून तळं, दहाला कॉफीबरोबर वेलचीचे बन. काम सोपं: विहिरींच्या पाण्यात किती आर्सेनिक आहे त्याचा तक्ता साफसूफ करायचा. आधी गुनवोर करायची. ती एप्रिलमध्ये आजारपणात वारली.

साहेब तोर्स्तेन बोलायला गोड. प्रयोगशाळा दशांशाला स्वल्पविराम देते, आपल्या प्रोग्रामला टिंब लागतं, म्हणून ३,४० चे ३४० होऊन तेवीस आकडे फुगलेत, असं तो म्हणाला. ते खोडायचे.

४ जून
खोडले. कोणी काय खोडलं याची यादी डावीकडे राहते. तिथूनच आकडा परत आणता येतो. मूळ कागद बघू का, असं मी विचारलं. तोर्स्तेन हसला. "अगं, गुनवोरही अशीच कागद-कागद करायची. तुला कायम व्हायचंय ना?"

मी पुढचा तक्ता उघडला.

९ जून
एक आकडा आपोआप परत आला. गुनवोरच्या घरच्या विहिरीचा, ३४०; दहाच्या वर पाणी पिऊ नये म्हणतात. यादीत लिहिलंय: परत आणला, गुनवोर, आज.

तोर्स्तेनच्या खणात मूळ कागद सापडला. ३४०च. स्वल्पविराम नाहीच. शेजारी गुनवोरला त्याच्या सहीचं पत्र: तुमचं पाणी उत्तम आहे. बिचारी तेच पीत राहिली.

तो म्हणाला, पुन्हा खोड. मी खोडला. लाज वाटते.

१२ जून
यादीत नवी ओळ: खोडला तोर्स्तेन; खोडणारी गुनवोर.

त्याची खोली रिकामी. दारावर पाटी नाही. हिल्मा बारा वर्षं त्याच्या शेजारी बसते. म्हणाली, "कोण तोर्स्तेन?"

खरं लिहिते, मला बरं वाटलं. भोग म्हणावं.

१३ जून
त्याखाली आणखी एक ओळ. अर्धवट. खोडली—

हिल्माने मला विचारलं, तुम्ही कोणाकडे आलात?

दुपारी
गुनवोर, ऐक, चुकले मी. सगळे परत आणतेय. तेवीस घरं, अजून तेच पाणी पितायत— बावीस झाले—

तुझाही आणला. ३४०.

जतन होत नाहीये. परत आणणाऱ्याचं नाव लिहा, म्हणतंय. नावाशिवाय सगळे पुन्हा जातील—

लिहिते. माझं नाव

माझं