रात्रीची लेंडी, दिवसाचा चारा

१८ ऑगस्ट १९५७
रविवार. डोंगरावर जाऊन आलो. दम लागला. चराई बंद केल्याचा हा दुसरा पावसाळा. जिथे नुसता मुरूम दिसायचा तिथे गुडघाभर गवत. ओढ्याचं पाणी निवळ. बंदीची सूचना माझी, पंचायतीत मीच भांडलो. गुरं वर सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून आणायचं. समाधान वाटलं. मग वाटलं, इतक्या लवकर समाधान मानावं?

२० ऑक्टो.
धनाजी पाटील ओट्यावर येऊन बसला. "मास्तर, धनगर कधी येत्यात? भुईमूग निघाला, रान मोकळं हाय." दरवर्षी कोकणात उतरताना बिरा धनगर चार दिवस इथे थांबतो, रात्री शेतात मेंढरं बसवतो. लेंडीचं खत शेताला, धान्य त्याला. दिवसा मेंढरं डोंगरावर.
दिवसा डोंगरावर. मला हे आज आठवलं. गेल्या वर्षी तो दुसऱ्या वाटेने गेला होता, म्हणून प्रश्न आला नाही.

६ नोव्हें.
बिरा आला. ओढ्याकाठी पालं. हद्दीचे चुना मारलेले दगड बघत बराच वेळ उभा. "गवत चांगलं झालंय, मास्तर." तक्रार नाही. गेल्या वर्षीची वाट का सोडली, विचारलं. "पिंपरीकडं कारखान्याची भित्ताडं, देहूरोडला लष्कराची तार. आन हितं तुमचा चुना."

७ नोव्हें.
चावडीवर बैठक. मेंढरं शेतात सगळ्यांना हवीत, डोंगरावर कुणालाच नकोत. बिरा म्हणाला, "रातच्याला तुमच्या रानात. मग दिवसा काय खिशात ठिवू?" मागून कुणीतरी, "शाळंत बसीव, मास्तर पाढे शिकवत्याल." सगळे हसले. मीही. बिरा हसला नाही.
शेवटी धनाजी: "बंदी मास्तरांची, मास्तरांनीच काय ते ठरवावं." लोक उठून गेले.

८ नोव्हें.
शाळा सुटल्यावर पुन्हा वर. उताराची घळ अजून उघडीच, तिथे दोन पावसाळ्यांतही काही रुजलं नाही. मेंढरं मुळापासून खातात, असं मी पंचायतीत ठासून सांगितलं होतं. कॉलेजात वाचलेलं. इथे पाहिलं होतं का? ही घळ तर गावच्या गुरांच्या रोजच्या वाटेची. पण म्हणून मेंढरं निरुपद्रवी, असंही नाही. वरचं सपाट रान दोन दिवस सोसेल. उतार सोसणार नाही. बहुधा.
सौ.ला सांगितलं. चूल फुंकता फुंकता म्हणाली, "आपल्या गाईला भारा येतो घरी. त्यांच्या मेंढरांना कोण कापून घालणार, तुम्ही?"


९ नोव्हें.
बिराला सांगितलं: दोन दिवस, फक्त सपाटीवर, मी सोबत. तो नुसता "व्हय" म्हणाला. त्याची सून घोड्यावर सामान लादत होती, ते उतरवू लागली. निघायच्या तयारीत होते तर.
धनाजीला कळवायला गेलो. शांतपणे म्हणाला, "आज मेंढरं सोडली. उद्या माजी गुरं कोन्त्या तोंडानं अडवाल?"
  कडबा त्याचाही संपत आलाय.

१० नोव्हें.
उजाडताच मेंढरं वर. मी काठी घेऊन उताराच्या तोंडाशी. पायांचे तुकडे पडले. दुपारपर्यंत सपाटीचं गवत अर्धं खाली आलं होतं. इतकं जाईल असं वाटलं नव्हतं. बिराने आपणहून कळप आवरता घेतला.
उतरताना पाहिलं, चुन्याच्या दगडापाशी धनाजी. मागे त्याची गुरं, त्यांच्या मागे आणखी दोघांची. दगड ओलांडला नव्हता. परतही जात नव्हता.
"कुठवर सोडू, मास्तर? तुमी सांगाल तितंवर."
उद्या सांगतो, म्हटलं.
"बरं. उद्या हितंच हाय मी."
मेंढरं आज त्याच्याच रानात बसली आहेत. इथवर आवाज येतो.