सासूबाईंचा ब्राउझर

मिकोम्फ्वा वस्ती, लुआन्श्या
मंगळवार, १७ जून २०२५

आदरणीय मामा यांस,

शनिवार, १४ जून, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. मी दुकानातल्या फोटोकॉपीच्या यंत्रात अडकलेला कागद चिमट्याने काढत होतो. ही वेळ आणि हे काम मुद्दाम लिहून ठेवतो, कारण ज्याला सुखाचा म्हणता येईल असा माझ्या आयुष्यातला तो शेवटचा क्षण होता. पण आधी नमस्कार. भाच्याने मामांसमोर गुडघे टेकून टाळ्या वाजवायच्या असतात. पत्रातून टाळ्या ऐकू जात नाहीत, म्हणून पाकीट चिकटवण्यापूर्वी मी तीन वाजवीन, त्या पोचल्या असे समजावे. मामींचा गुडघा कसा आहे? कसावाच्या वाफ्यात यंदाही रानडुकरे शिरली काय? इथे थंडी कोरडी आणि वाईट आहे. माझी प्रकृती तशी ठीक. दोन दिवस घास गिळवत नाही आणि कपाळावर टेंगूळ आहे, एवढेच.

मामा, तुम्ही वडीलधारे, तुम्हाला बोल लावायची माझी छाती नाही. पण फेब्रुवारीत ॲस्ट्रिडाच्या घरी बोलणी करायला आलात, तेव्हा "आमचा ऑबर्ट म्हणजे कॉम्प्युटरचा राजा" असे जे भर बैठकीत म्हणालात, ते म्हटले नसते तर बरे झाले असते. दहावीत माझी शाळा सुटली. दुकानात मी यंत्रात कागद भरतो आणि अंत्यविधीच्या पत्रिकांमधले स्पेलिंग तपासतो (ते मात्र चोख, आजवर एकाही मयताचे नाव माझ्या हातून चुकलेले नाही). कॉम्प्युटरला मी हात लावतो तो धूळ पुसण्यापुरता आणि पत्रिका छापण्यापुरता.

तर नऊ वीसला आपले मध्यस्थ बा कापेम्ब्वा दुकानात आले. (खाणीत एकतीस वर्षे काढल्याने त्यांचा उजवा कान गेलेला आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. डावाही निघण्याच्या बेतात आहे, हे मला शनिवारी कळले.) निरोप असा होता की होणाऱ्या सासूबाईंच्या घरच्या कॉम्प्युटरवरचा ब्राउझर आपोआप मिटतो. (‘ब्राउझर’ असेच लिहितात, आमच्या पाटीवर ‘ब्राऊजर’ आहे ते चूक. मी मालकांना दोनदा सांगितले.) सासूबाई निवृत्त शिक्षिका. आपण जिवंत आहोत असा अर्ज त्यांना सोमवारी पाच वाजेपर्यंत इंटरनेटवरून भरायचा होता, नाही तर वर्षभर पेन्शन बंद. अर्ज सहाव्या पानापर्यंत नीट चाले आणि तिथे खिडकी फटकन मिटे. अकरा वेळा मिटली होती. सासूबाईंचे म्हणणे बा कापेम्ब्वांनी शब्दशः पोचवले: "राजा आहे ना? मग दुरुस्त करून दाखव म्हणावं. नाही जमलं तर मामा खोटं बोलला असं धरू आणि तुमची मागणी परत पाठवू."

घरात नेण्याचा विधी होईपर्यंत जावयाने सासूच्या तोंडाकडे बघायचे नाही, तिच्याशी थेट बोलायचे नाही, तिच्यासोबत एका खोलीत थांबायचे नाही, हे मी तुम्हाला काय सांगावे. तुम्हीच मला ते लहानपणी काठीने शिकवले आहे. आणि सासूबाई तर कॉम्प्युटरसमोरून उठायला तयार नव्हत्या, कारण त्यांची सगळी सरकारी कागदपत्रे तिथे मांडलेली होती. ॲस्ट्रिडा एन्डोलाला नर्सिंग शिकते, ती असती तर प्रश्नच नव्हता. शेवटी मी त्यांच्या अंगणात ॲव्होकाडोच्या झाडाखाली, घराकडे पाठ करून उभा राहिलो. मी सांगायचे, बा कापेम्ब्वांनी दारात जाऊन आत कळवायचे, अशी व्यवस्था झाली.

मी म्हणालो, त्यांना सांगा, पान रिफ्रेश करा. बा कापेम्ब्वा दारात गेले, टाळ्या वाजवल्या, मुंग्या आणि पाऊस यांच्यावरची एक लांबलचक म्हण ऐकवली (मध्यस्थाने नुसता निरोप देणे त्यांना हलके वाटते) आणि म्हणाले, "जावई म्हणतो, बाई, तुम्ही दमलेल्या दिसता, जरा ताज्यातवान्या व्हा."

आतून आवाज आला, "दिसते? त्याला मी दिसलेच कशी?"

हे निस्तरण्यात वीस मिनिटे गेली. मग मी म्हणालो, ब्राउझरमधला जुना इतिहास पुसून टाकावा. आत गेले ते असे: "तो म्हणतो, तुमचा सगळा इतिहास पुसून टाकू." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "माझा? तेहतीस वर्षं चौथीला शिकवलंय मी! पुसायचाच असेल तर त्याच्या मामाचा पुसा. बैठकीच्या दिवशी नाचणीच्या दारूचं मडकं रिचवून खुर्चीसकट पडला होता तो." (मामा, हे शब्द त्यांचे आहेत. मी फक्त शुद्ध उतरवले.) तिसऱ्या वेळी मी शहाणपणा करून अगदी सोपे सांगितले, की उघड्या असतील त्या सगळ्या खिडक्या बंद करा. एक, दोन, तीन, चार. घराच्या चारही खिडक्या धाडधाड बंद झाल्या आणि आतले काहीच ऐकू येईना.

मग मी ठरवले की ब्राउझर काढून नवा घालणे हाच उपाय. (दुकानाचे मालक यंत्र बिघडले की असेच म्हणतात, आणि मग कोणाला तरी बोलावतात.) नवा उतरवून घ्यायला इंटरनेट लागते. सासूबाईंचे अकरा प्रयत्नांत संपले होते, म्हणून ते माझ्या फोनवरचे. फोन हातात देणे शक्य नव्हते, म्हणून तो ताटलीत ठेवून, वर दुसरी ताटली उपडी घालून, मागणीचे पैसे गेले होते तसा आत गेला. ब्राउझर निम्म्याहून जास्त उतरला आणि वीज गेली. ती सात तासांनी आली, तोवर डेटाचा पॅक संपलेला. ताटली रिकामी परत करायची नसते म्हणून फोनबरोबर दोन उकडलेली रताळी आली. त्यांपैकी एक फोनवर फुटले होते.

रविवारी प्रार्थनेनंतर सासूबाई नरमल्या. मी स्वयंपाकघरात बसते, तो एकटा आत येऊ दे, काम संपल्यावर निघून गेला की मी बाहेर येईन, असे त्यांनी कळवले. मी मान खाली घालून आत गेलो. जुना ब्राउझर काढला. काढताना तो विचारतो, ‘का काढता, कारण सांगा.’ मी चार ओळींचे कारण लिहिले, शेवटी माफीही मागितली. (असे कोणी वाचते की नाही, ठाऊक नाही.) नवा घातला. अर्ज उघडला. बा कापेम्ब्वा स्वयंपाकघराच्या दारातून एकेक उत्तर ओरडून सांगत होते, मी भरत होतो. सहाव्या पानावर मूळ वस्तीचे नाव होते, वुसाकिले. ते मी एकेक अक्षर तपासत भरले, आणि खिडकी मिटली नाही! मामा, त्या क्षणी मला वाटले की तुम्ही बैठकीत बोललात ते कदाचित खरेच असेल.

सातव्या पानावर अर्जदाराचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरायचा होता. माझा बेत असा, की कॅमेरा चालतो का एवढे बघायचे, बाहेर जायचे, मग सासूबाईंनी येऊन बसायचे. मी कळ दाबली. पडद्यावर माझे तोंड दिसले. आनंदाने मी ओरडलो, "झालं!" बा कापेम्ब्वांनी आत कळवले, "झालं. गेला तो."

पडद्यावर, माझ्या खांद्यामागे, सासूबाई दिसल्या.

मी मागे वळलो नाही, हे लिहून ठेवतो. त्याही जागच्या हलल्या नाहीत. आम्ही दोघे पडद्यात एकमेकांकडे बघत राहिलो. पडद्यावर तीन, दोन, एक असे आकडे उलटे पडत होते, त्यावरून सांगतो की हे तीन सेकंद चालले. सासूबाई हुबेहूब ॲस्ट्रिडासारख्या आहेत, चष्म्याला दोरी आहे, आणि हनुवटीला मक्याचे पीठ लागलेले होते. हे मला ठाऊक असायला नको होते, पण आता आहे. मग टिचक असा आवाज झाला, ‘अर्ज सादर झाला, आभारी आहोत’ अशी अक्षरे उमटली, सासूबाई किंचाळल्या, आणि मी डोळे मिटून पळालो तो ॲव्होकाडोच्या झाडावर आपटलो.

संध्याकाळी त्याच झाडाखाली बैठक बसली. प्रश्न असा होता की पडद्यात पाहिले म्हणजे पाहिले काय. सासूबाईंचे भाऊ बा लोम्बे म्हणाले, "आरशात पाहिलं तर पाहिलंच ना? मग?" बा कापेम्ब्वा म्हणाले, "पाण्यात चंद्र दिसतो, म्हणून कोणी चंद्रावर पाय ठेवला असं होत नाही." बा लोम्बे म्हणाले, "माझी बहीण चंद्र नाही, आणि तुमचा नवरामुलगा तोंड वासून बघत होता." दीड तासाने ठरले की हे अर्धे पाहणे आहे, सबब दंड अर्धा: एक बोकड, पण लहान चालेल. मी सुटलो असे वाटत होते, इतक्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. "बोकड नको. मुलगीच देत नाही." रात्री ॲस्ट्रिडाचा फोन आला. ती आधी रडली, मग म्हणाली, "तुला कॉम्प्युटरचं तोंड बघायला पाठवलं होतं रे, आईचं नाही." मग परत रडली. मी तिच्याबरोबर रडलो नाही, कारण बोलण्याचे पैसे संपत आले होते. फोन ठेवून स्वतंत्र रडलो.

सोमवारी सकाळी अर्जाची पावती दुकानात छापायला मीच काढली. पर्पेटुआ काबासो, निवृत्त शिक्षिका, नावाचे स्पेलिंग अचूक. शेजारी छायाचित्र माझे. तोंड वासलेले. खाली ओळ: ‘अर्जदार जिवंत असल्याची खात्री पटली. यापुढे दर तीन महिन्यांनी हाच चेहरा दाखवावा.’ यंत्राने दोघांपैकी पुढचा चेहरा धरला होता.

मी पेन्शनच्या कचेरीला फोन लावला. नाव विचारल्यावर अर्जावरचे सांगितले. पलीकडचा मनुष्य म्हणाला, "चेहरा बदलायला समक्ष राजधानीत यावं लागतं. चौदा महिने धरून चला, तोवर पैसे थांबतील. आणि काबासोबाई, घसा बसलाय तुमचा, आल्याचा चहा घ्या."

पावती घेऊन मी झाडाखाली जाऊन उभा राहिलो. बा लोम्बेंनी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि ताटलीत घालून आत पाठवली. बा कापेम्ब्वा दारात जाऊन टाळ्या वाजवत म्हणाले (या वेळी म्हण नव्हती), "बाई, आता ह्याला सोडलंत तर पेन्शनही ह्याच्याबरोबर जाईल."

आतून खोकला ऐकू आला. मग आवाज आला, "त्याला विचारा, दर तीन महिन्यांनी दाढी करून येईल का."

मी हो म्हणालो. अशा रीतीने लग्न ठरलेलेच राहिले, आणि लहान बोकडाचा दंडही. लोक म्हणतात आनंद मान. पण मामा, सरकारदरबारी मी आता एकसष्ट वर्षांची शिक्षिका आहे, आणि सासूबाईंच्या आयुष्याची जबाबदारी माझ्या दाढीवर आहे. तोंड दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मामींना आणि घरातल्या लहानथोरांना माझा नमस्कार सांगावा.

तुमचा भाचा,
ऑबर्ट काटोंगो

ता. क. पुढची चेहऱ्याची तपासणी १५ सप्टेंबरला आहे. तेव्हा सासूबाईंना माझ्या शेजारी बसून उत्तरे द्यावी लागतील. म्हणजे घरात नेण्याचा विधी त्याआधी झालाच पाहिजे, लग्नाची वाट बघता येणार नाही. त्याचा मान मामाकडे असतो. तरी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात यावे आणि येताना बोकड आणावा. (बसच्या टपावर नेतात, मी चौकशी केली आहे.) लहान चालेल.

ता. क. दुसरा. आज दुपारी ब्राउझर पुन्हा मिटला. नवा ब्राउझर. मी खिडकीबाहेर होतो आणि मला सासूबाईंचे फक्त हात दिसले (हात बघायला मनाई नाही, मी विचारून घेतले). त्यांच्या कळफलकावरची मोठ्या अक्षराची कळ झिजून कोरी झाली आहे, म्हणून त्या चुकून तिच्या खालची, कंट्रोलची कळ दाबतात. ती दाबून डब्ल्यू दाबला की खिडकी मिटते. वुसाकिलेचे स्पेलिंग डब्ल्यूने सुरू होते, आणि तेहतीस वर्षे शिकवलेली बाई गावाचे नाव लहान अक्षराने लिहिणार नाही. मीही लिहिले नसते. म्हणजे जुन्या ब्राउझरचा काही दोष नव्हता. हे मी कोणाला सांगितलेले नाही. जावयाने सासूची चूक काढली तर अख्खा बोकड पडतो, म्हणून हे तुम्हीच येऊन सांगावे. तोवर त्यांना वुसाकिलेला पत्र लिहायचे असेल तर ते मी लिहून देईन.

ता. क. तिसरा. खर्च: डेटाचे पॅक दोन, प्रत्येकी ३५ क्वाचा. फोन पुसून, सुकवून घेण्याचे २०. कचेरीला फोन, ११. पावतीची छपाई २ (मालकांनी सूट दिली नाही). एकूण १०३ क्वाचा. देणे: बोकड एक, लहान. ब्राउझरची माफी, एकदा मागून झाली आहे. येणे: काही नाही. ॲस्ट्रिडा फोनवर म्हणाली, "मी आहे की." पण ते कुठल्या रकान्यात मांडावे हे मला ठरवता येईना, म्हणून इथे खाली वेगळे लिहिले आहे.