पंचाहत्तर इंचांवरचे ओठ

बाबा, परवा आम्ही टीव्ही घेतला. पंचाहत्तर इंची. इंच तुम्हाला माझ्याहून चांगले कळतात, तेव्हा आपल्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत तो लावला असता तर दार तरी बंद करावं लागलं असतं किंवा खिडकी तरी, एवढं सांगितलं की पुरे. घेण्याआधी ह्यांनी इथे भोपाळलाच, साकेत नगरच्या आमच्या हॉलमध्ये, भिंतीवर वर्तमानपत्रं चिकटवून त्याच्या मापाचा चौकोन केला होता. दोन दिवस आम्ही दोघं सोफ्यावर बसून शिळ्या बातम्यांच्या त्या भिंतीकडे बघत चहा प्यायलो. तिसऱ्या दिवशी मला वाटायला लागलं, हेच काय वाईट आहे, ह्याला ना आवाज ना बिघाड. पण ह्यांनी एकदा मनावर घेतलं की घेतलंच. आणि मनावर मीच घ्यायला लावलं होतं, कारण दीड वर्ष मी एकच तक्रार करत होते की जुन्या टीव्हीचा आवाज फाटतो, शब्द कळत नाहीत.

तुम्हाला खरं सांगते, टीव्ही धडधाकट होता. कान माझे गेलेत. एकदम नाही, थोडेथोडे, साबण झिजावा तसे. बाग सेवनियाच्या शाळेत अजून माझी दोन वर्षं नोकरी आहे. मागच्या बाकावरून आलेलं उत्तर ऐकू आलं नाही की मी ‘शाबाश’ म्हणून मोकळी होते. चुकलेल्या उत्तरालाही मॅडमची शाबासकी मिळते हे मुलांनी बरोबर हेरलंय, त्यामुळे माझ्या वर्गात हल्ली सगळ्यात जास्त हात वर होतात. मुख्याध्यापिकाबाई म्हणतात, तुमच्या वर्गातला उत्साह बघण्यासारखा असतो. मी हसते. घरी मात्र नुसतं हसून भागत नाही. हे दुसऱ्या खोलीतून काही म्हणतात, मी ‘हो’ म्हणते, आणि मग कळतं की प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असूच शकत नव्हतं. अशा वेळी टीव्हीवर ढकललेलं बरं पडायचं. काय तुमचा तो टीव्ही, कान किटले माझे! बिचारा टीव्ही काही बोलायचा नाही.

दुकानात गेलो तेव्हा टळटळीत दुपार होती आणि आत मात्र गारेगार, निळसर, एखाद्या विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं. चारी भिंतींवर टीव्ही, आणि सगळ्यांत एकच धबधबा कोसळत होता. ह्यांना चांगल्या कंपनीचा पंचावन्न इंची हवा होता. मी मात्र कोपऱ्यातल्या त्या अवाढव्य सेटपुढे जाऊन उभी राहिले. कंपनीचं नाव आम्ही दोघांनीही कधी ऐकलं नव्हतं, म्हणूनच तो आमच्या आवाक्यात होता. बाजूला उभं राहिलं की त्याचे रंग उडायचे, रिमोट दाबल्यावर तो जरा विचार करून मग हलायचा. पण बरोबर साउंडबार फुकट होता, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची एक लांबट पट्टी आणि कोपऱ्यात ठेवायचा एक जड डबा. विकणारा माणूस त्या पट्टीवरून असा हात फिरवत होता जणू ती त्याने स्वतः घडवलीय. “मैडम, ये तो आवाज़ नहीं, तूफ़ान है,” म्हणाला, आणि त्याने तूफ़ान सुरू केलं. धबधबा माझ्या छातीत कोसळला. शब्द मात्र त्यातही एक हाती लागला नाही.

मी म्हटलं, “भैया, समाचार लगाइए. और आवाज़ बंद कर दीजिए.”

“मैडम, लोग आवाज़ सुनने आते हैं, आप बंद करवा रही हैं?”

“अगं, सगळा खटाटोप आवाजासाठी चाललाय ना?” हे म्हणाले. ह्यांची मराठी इंदूरची, पुढचं वाक्य हमखास हिंदीत घसरतं. “तू भी कमाल करतेस.”

आवाज बंद झाला. बातम्या सांगणारी मुलगी आली, तिचं तोंड माझ्या तळहाताएवढं. आणि बाबा, मला सगळं कळायला लागलं. भाव, पाऊस, कुठल्याशा पुलाचं उद्घाटन, सगळं. ओठ मिटले की प, उघडले की आ, जणू कुणी पाटीवर लिहून दाखवतंय. मी तिथे उभी राहून पाच मिनिटं बातम्या ऐकल्या, कानांशिवाय. इतकं निवांत मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मग त्या माणसाला काय वाटलं कोण जाणे, आम्ही आपसात मराठीत बोलतोय हे ऐकून त्याने कौतुकाने मराठी चॅनेल लावलं. तसेच मोठे ओठ, तशीच स्वच्छ मुलगी. मला एक अक्षर कळलं नाही.

मी दोनदा चॅनेल बदलायला लावलं. हिंदी, मराठी, पुन्हा हिंदी. तेच. तीस वर्षं मी हिंदीत शिकवतेय, पन्नास पोरांच्या कलकलाटात ज्याचं ऐकायचं त्याच्या तोंडाकडे बघत. न कळत डोळे शिकले. मराठी मात्र मी आयुष्यभर पाठ फिरवून ऐकली. भाजी चिरताना, न्हाणीघरातून, आतल्या खोलीत घड्या घालताना. आपल्या माणसाच्या तोंडाकडे बघून कोण ऐकतं?

आणि तिथे, त्या गारठ्यात उभं असताना, तुम्ही मराठी सोडून हिंदी का धरलीत ते मला कळलं. कारखान्यात तुमच्या शॉपमध्ये दिवसभर पत्र्यावर घण पडायचे, ग्राइंडर किंचाळायचे, तुम्ही कानात कापसाचे बोळे घालून जायचात. तिथलं बोलणं कानांनी होतच नसणार. सगळे एकमेकांच्या ओठांवर वाचत असणार, आणि ते सगळे ओठ हिंदी बोलणारे. मग हळूहळू घरीही तुम्हाला तीच भाषा लागली.

मला आठवतंय, सातवी-आठवीत असेन मी. साताऱ्याची आई अचानक तुमच्याशी हिंदी बोलायला लागली. काय ती हिंदी! “वो डब्बे में चकली रखा है, जाते जाते लेके जाव.” बोलायच्या आधी ती पळी खाली ठेवायची, ओट्यापासून तुमच्यासमोर यायची, पदर सारखा करायची आणि मग एकेक शब्द मांडायची. मला वाटायचं, ही काय नाटकं. मैत्रिणी घरी आल्या की मी शरमेनं अर्धी व्हायचे. सुट्टीत काका यायचे आणि म्हणायचे, भोपाळनं माणूस पार बदलवला. तुम्ही हसायचात. कान गेल्याचं शॉपमध्ये कळलं असतं तर तुम्हाला तिथून काढून स्टोअरच्या टेबलाशी बसवलं असतं, आणि घण हातातून गेलेला तुम्हाला सोसला नसता. हे तुम्ही आणि आईनं आपसात ठरवलं असणार, कधी, कुठल्या भाषेत, देव जाणे. आपल्या घरात तर रेडिओही हळू असायचा. आवाज वाढवा असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत, माझ्यासारखा आरडाओरडा केला नाहीत.

मग मराठी मंडळाचा गणपती. वक्तृत्वात मला पहिलं बक्षीस मिळालं आणि तुम्ही बायकांच्या घोळक्यातून वाट काढत आलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, “बहुत अच्छा बोली, बेटा.” कुणीतरी म्हणालं, अहो, बक्षीस मराठीचं आणि कौतुक हिंदीत? मी लगेच म्हटलं, “बाबा मराठी विसरलेत. पक्के भोपाळी झालेत.” सगळ्या हसल्या. तुम्ही सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलंत आणि तुम्हीही हसलात. हा किस्सा मी पुढे कितीदा रंगवून सांगितला. लग्नानंतर ह्यांना सांगितला, सासरी पंगतीत सांगितला. रिटायर होऊन वर्ष झालं नाही तोच तुम्ही गेलात, मग आईही गेली. आमच्या घरात तुम्ही मराठी टाकून दिलेले आजोबा म्हणूनच राहिलात.

टीव्ही आला, साउंडबार बसला. शेजारच्या गच्चीवरची कबुतरंसुद्धा उडाली. ह्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, आता येतंय ना स्पष्ट? मी ‘हो’ म्हटलं. हे इतके खूश झाले की मला बघवेना. आज दुपारी मी रिमोट घेऊन आवाज बंद केला आणि सांगून टाकलं. टीव्हीला काही झालं नव्हतं, मला झालंय.

हे आधी चिडले. “मग हा एवढा मोठा डबा कशाला घेतला आपण?” मग काहीतरी बोलले, खाली बघून. मी म्हटलं, हिंदीत बोला आणि माझ्याकडे बघून बोला. तेव्हा मान वर करून एकेक शब्द सुटा करत म्हणाले, “कब से अकेली झेल रही हो?” मला रडू आवरेना. त्या रडण्यातच मी तुमचं सांगितलं. शॉपचं, आईच्या हिंदीचं. म्हटलं, बाबा मराठी विसरले नव्हते, मी खोटं सांगत आले. उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं ठरलंय. यंत्र लावावं लागलं तर लावीन, पोरांची फुकटची शाबासकी बंद होईल एवढंच.

उठता उठता ह्यांनी विचारलं, “उनको सुनाई नहीं देता था, ये तुम्हें कब पता चला?”

मी म्हटलं, परवा, दुकानात.

तसं नाही ते, बाबा. दुकानात मला फक्त हिंदीचं कारण कळलं. बाकीचं त्या गणपतीच्या आठ दिवस आधीच कळलं होतं. तुम्ही अंगणात सायकल उलटी करून चेन पुसत होतात, माझ्याकडे पाठ करून. मी बाबा म्हणून हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग अगदी जवळ, हात लावता येईल इतकी जवळ येऊन मुद्दाम खोटंच म्हटलं, “बाबा, आई पडली.” तुम्ही चेन पुसत राहिलात. मी चौदा वर्षांची होते आणि मला सगळं समजलं. बहिऱ्याची मुलगी म्हणवून घेण्यापेक्षा भोपाळ्याची मुलगी मला बरी वाटली. मी तशीच आत गेले, गृहपाठाची वही काढून बसले आणि कुणालाच काही सांगितलं नाही.