डाव्या बाजूची गाठ

९ ऑक्टोबर २००३, पुसेगाव

अंघोळ करताना हाताला लागली. डाव्या छातीत, बोराएवढी. बोटाखाली सरकते. आईलाही डावीकडेच होती. तिला नांदेडला नेलं, कापलं, तरी वर्षाच्या आत गेली.

कोणाला सांगायचं नाही.

१ नोव्हेंबर

लिंबाएवढी झाली. पाळीच्या आधी आठ दिवस कुशीवर होता येत नाही. पाळी आली की ठणका उतरतो, गाठही लहान लागते. म्हणजे आत आत शिरत असेल. माझ्या अंगणवाडीतली लेकरं बिलगायला आली की हात आडवा धरते.

१६ नोव्हेंबर

आमच्या मिनाला कुरुंद्याचं स्थळ आलं. ती बारावीला, नुकतीच अठराची झाली. नर्स व्हायचं म्हणते. हे म्हणाले, परीक्षा तर होऊ दे. मीच हट्टाला पेटले. मी गेल्यावर ह्यांच्याच्यानं काही निभायचं नाही.

मिना रडली. "काहून गं आई? चार महिने तर थांब."

माझ्या डोळ्यादेखत होऊ दे, एवढंच म्हणलं.

१२ डिसेंबर

लग्न झालं. हळद लावताना डावा हात वर जाईना. निघताना पोरीनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

१३ डिसेंबर

आता मरायला मोकळी.

५ जानेवारी २००४

व्याही म्हणतात, आता परीक्षा कशाला. भांडायला पाहिजे होतं. अंगात जीवच नाही, भांडू कशानं.

२१ जानेवारी

आज अंगणवाडीत लसीकरण होतं. एका लेकराचं डोकं छातीवर आदळलं – डोळ्यापुढे अंधारी आली. संगिता नर्सबाईंनी पाहिलं. आत नेऊन तपासलं. उद्याच हिंगोलीला चला म्हणाल्या. मी नको नको म्हणत होते. "तुमी न्हाई आल्या तर तुमच्या मालकांना, उत्तमरावांना सांगते." मग काय करणार.

२२ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाळीच्या आधी जास्त दुखते का, नंतर उतरते का. सगळ्याला हो म्हणलं. सोनोग्राफी केली. मग सुई घातली. सिरिंजमध्ये पिवळसर पाणी भरत गेलं, आणि गाठ गेली! चाचपून पाहिलं. काहीच नाही.

म्हणाल्या, "पाण्याची गाठ होती, कॅन्सर नाही. परत भरली तर या. आणि पुन्हा कधी गाठ लागली तर लपवून ठेवू नका. प्रत्येक गाठ अशीच असते असं नाही."

पाच मिनिटं लागली असतील.

संगिताबाई पेढे मागत होत्या. मी तिथंच स्टुलावर बसून रडले. त्यांना वाटलं, आनंदानं.

२५ जानेवारी

कुरुंद्याला जाऊन मिनाला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबले नाहीत. मळता मळताच म्हणाली, "मला सांगायचं न्हाई का, आई? मी आले असते ना दवाखान्यात तुझ्यासंगं."