लग्नाच्या वाढदिवसाचं जेवण

१२ नोव्हेंबर, बुधवार
स. १० ला स्पीच थेरपीच्या बाईंकडे. अर्धांगाचा झटका येऊन ह्यांना सात महिने झाले. काठी घेऊन चालतात आता. उजवा हात अजून थरथरतो. बोलणं आहे तिथंच. 'अरे' येतं. 'हो' येतं, पण नको असलं तरी 'हो'च येतं. बाई म्हणाल्या, "समजतं त्यांना. फक्त बाहेर पडत नाही." किती समजतं, विचारलं. "बरंचसं." बरंचसं म्हणजे किती, ते विचारलं नाही.
माणसांत न्या म्हणाल्या.
संध्याकाळी बंगळूरहून ऋताचा फोन. बावीसला आमच्या लग्नाला एकतीस वर्षं. हायवेवरच्या मोठ्या हॉटेलात दुपारचं टेबल बुक केलंय तिनं, माझ्या नंबरावर. "आई, नाही म्हणू नकोस." नाही म्हणायलाही काहीतरी लागतं अंगात. बरं म्हटलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
बँकेत, मग औषधं. घरी येऊन झोपले.
ऋताला हॉटेलचं एवढं का, ते कळतं मला. ती लहान असताना महिन्यातून एकदा हे आम्हाला बाहेर जेवायला न्यायचेच. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यात आयुष्य गेलं, मशीनच्या आवाजावर ओरडायची सवय. हॉटेलातही तोच आवाज. वेटरला आधी गाव विचारायचे, मग भाजी. आम्हाला काय हवं ते हेच सांगायचे. मी आजपर्यंत हॉटेलात स्वतः ऑर्डर दिलेली नाही. आज लिहिताना लक्षात आलं.

२१, शुक्र.
ह्यांचा निळा शर्ट इस्त्रीला. हॉटेलला फोन करून सांगितलं, दाराजवळचं टेबल द्या, फार चालवत नाही. "शुअर मॅडम."

२२ नोव्हेंबर, शनिवार. संध्या. ६
लिहून टाकते.
साडेबाराला पोहोचलो. दाराजवळचं टेबल नव्हतं. पार आत, किचनच्या दारापाशी दिलं. दार सारखं उघडझाप. दोन पायऱ्या चढाव्या लागल्या, ते कुणी सांगितलं नव्हतं. एक बाई उठून ह्यांना हात द्यायला आल्या. हॉटेलचं कुणी नाही.
मधल्या लांब टेबलावर कुठल्यातरी कंपनीचं जेवण चाललं होतं. सगळे वेटर तिथंच. आम्हाला पाणी मिळालं, मेन्यूकार्ड मिळालं, मग पंचवीस मिनिटं कुणी नाही. मी एकदा हात वर केला. अर्धाच. कुणी पाहिलं नाही, मीही परत केला नाही.
हे बघत होते. माझ्याकडे, मग त्या वेटरकडे. चाळिशीचा, काटक, छातीवर नावाची पट्टी, काशिनाथ. तो जवळून गेला तेव्हा ह्यांनी तोंड उघडलं. "अ… अ… अरे…" इतका बारीक आवाज. तो गेला पुढे. परत आला, परत गेला. तिसऱ्यांदा ह्यांनी चमचा उचलला आणि ग्लासवर मारला. हात थरथरतो, त्यामुळे एकदा नाही, खूप वेळा वाजला. पाणी सांडलं.
सगळं हॉटेल बघायला लागलं.
काशिनाथ आला. ह्यांच्याकडे बघून माझ्याकडे वळला. आवाज काही कमी केला नाही. "मॅडम, सरांनी घेतलीय का? फॅमिली बसल्यात इथं."
शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं.
मी म्हटलं, "नाही." एवढंच. आजारी आहेत म्हटलं नाही. हे माझे मिस्टर आहेत, आज आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे, काही नाही. "नाही" म्हटलं आणि टिशूनं पाणी पुसलं.
मग मीच मेन्यूकार्डात बघून ऑर्डर सांगितली. जेवण आलं. मऊ भात सांगितला होता, जिरा राइस आला, फडफडीत. ह्यांना ठसका लागतो. बदलून मागितला. "पाच मिनिट." आलाच नाही. डाळीत पोळी कुस्करून भरवली. भरवताना मान वर केली नाही.
शेवटी दिवे थोडे मंद झाले आणि दोन वेटर टाळ्या वाजवत केक घेऊन आले. ऋतानं सांगितलेला. वर लिहिलेलं, 'हॅपी बर्थडे साहिल'. साहिल कोण माहीत नाही. त्यांना सांगितलं नाही. आम्ही तो कापला.
रिक्षेत हे बाहेर बघत होते. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. अजून तसेच.
मला रडू यायला हवं होतं असं वाटतं. कपडे वाळत घातले.

२३, रवि.
ऋता: फोटो पाठव. कसं झालं? छान झालं म्हटलं. तिनं दोनदा विचारलं, आवाजावरून ओळखते ती. तिसऱ्यांदा सांगितलं सगळं. मग, "आणि तू? तू काय म्हणालीस त्याला?"
"नाही म्हटलं."
"एवढंच?"
"एवढंच."
"आई, बाबा असते ना तुझ्या जागी…" पुढे बोलली नाही. फोन ठेवला.
दुपारपर्यंत तिनं हॉटेलबद्दल नेटवर लिहून टाकलं होतं, त्या काशिनाथचं नाव घालून. मला पाठवलं. मी अर्धं वाचलं. त्यात मी 'माझी बिचारी आई' आहे.

२४, सोम.
काही नाही. हे जेवले कमी.

२५ नोव्हेंबर, मंगळ.
हॉटेलच्या मॅनेजरचा फोन. गोड आवाज. ऋताचं लिहिलेलं चार हजार लोकांनी वाचलंय म्हणाला, नाहीतर असंच काहीतरी. सॉरी सॉरी. तुम्ही दोघं परत या, आमच्याकडून जेवण. "आणि मॅडम, त्या वेटरला आम्ही काढतोच आहोत. सोमवारी सकाळी अकराला मालक येतायत, तेव्हा फायनल. तुम्हाला त्याच्याबद्दल काही सांगायचं असेल तर त्याआधी सांगा. बाकी मुलीला म्हणावं, नेटवरचं ते काढून टाका तेवढं."
"टेबल तुम्ही आत दिलंत. मी फोन केला होता," म्हटलं. माझं मलाच नवल वाटलं.
"हो, ते बघतो मी."
बघते म्हटलं मीही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
दु. ४ ला अनोळखी नंबर.
"ताई, मी काशिनाथ. हॉटेलातला." मागं एसटी स्टँडसारखा गलका.
मी खुर्ची ओढून बसले. तोच बोलला. पेठकडच्या खेड्यातला आहे. नंबर बुकिंगच्या वहीतून घेतला, रागवू नका म्हणाला. "मला नाय कळलं ताई. माझा बाप दारूनं गेला. हात असा हालला का मला त्योच दिसतो. सर आजारी हायेत हे तुम्ही बोलल्या असत्या तर म्या पाय धरले असते."
तुम्ही बोलल्या असत्या तर.
आठ वर्षं झाली म्हणाला त्या हॉटेलात. दोन मुली, एक बारावीला. "मॅनेजरला एक फोन करा. एवढंच."
बघते म्हटलं. तोच शब्द.
मग म्हणाला, "सरांना देता फोन? माफी मागतो."
हे समोरच खुर्चीत बसलेले. मी स्पीकर चालू करून त्यांच्या हातात दिला. काशिनाथ बोलत होता, सर माझं चुकलं, सर मला माहीत नव्हतं, घरी माणसं हायेत. ह्यांनी सगळं ऐकलं. मग डाव्या हाताच्या अंगठ्यानं लाल बटण दाबलं.
मुद्दाम की चुकून, कळलं नाही. फोन माझ्याकडे दिला आणि पेपर उलटा धरून बघत बसले. मी तो सुलटा केला.

२८, शुक्र.
ऋताला सांगितलं. "अजिबात फोन करायचा नाही त्या मॅनेजरला. माफी नोकरी जायला लागल्यावरच सुचते का त्याला?" बरोबर आहे तिचं. त्याचंही बरोबर आहे. टेबल आत दिलं ते मॅनेजरनं, भात आला नाही तो किचनमधून, आणि जाणार काशिनाथ. हे सगळं मला कळतं, पण लांबून, दुसऱ्या कुणाच्या घरातलं असावं तसं.

२९, शनि.
रात्री झोप नीट. नवल. सकाळी काशिनाथचा मिस्ड कॉल, एक. परत केला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
सकाळी ह्यांची दाढी करून दिली. टॉवेलनं तोंड पुसताना विचारलं. आठ दिवस विचारायचं टाळत होते.
"अहो, त्या दिवशी तो वेटर काय म्हणाला, ते कळलं होतं तुम्हाला?"
माझ्याकडे बघत राहिले. मान हलली, खाली, वर.
"उद्या सकाळी त्याची नोकरी जाईल. मी फोन केला तर कदाचित राहील. करू?"
काही नाही. मान नाही, हो नाही. नजर मात्र हलवली नाही. मग सुचलं तसं विचारलं, "तुम्हाला राग कुणाचा आलाय? त्याचा?"
त्यांनी डावा हात वर केला. सावकाश. आणि बोट माझ्याकडे केलं.
मी टॉवेल धरून उभी. हात खाली येईल असं वाटलं, आला नाही. एकतीस वर्षांत इतकं स्पष्ट ते माझ्याशी काही बोलले नव्हते, एवढा मोठा आवाज असून.
"हो," मी म्हटलं. "मी बोलायला हवं होतं."
मग हात खाली घेतला. गुडघ्यावर ठेवला. मी समोरच्या स्टुलावर बसले. किती वेळ, माहीत नाही. कुकरच्या शिट्ट्या जास्त झाल्या.
भात मऊ झाला होता. जेवले. मीही.
मॅनेजरचा नंबर कागदावर लिहून फोनखाली ठेवलाय. मालक उद्या अकराला येणार. काय बोलायचं ते अजून ठरत नाही. पहिलं वाक्य तेवढं सापडलंय, ते काशिनाथबद्दल नाही: त्या दिवशी माझ्यासोबत माझे मिस्टर होते, आणि ते आजारी आहेत हे मी तिथं बोलले नाही.